ताराबाई मोडक आणि आमचे अंगण

(बी. ए. भाग २)

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा होते. गेल्या वर्षी, मी पहिल्या वर्षाला असताना, मराठीच्या सरांनी चिठ्ठ्या टाकून विषय वाटले. कुणाला सावित्रीबाई आल्या, कुणाला गाडगेबाबा, कुणाला बाबा आमटे. माझ्या चिठ्ठीवर ताराबाई मोडक हे नाव होते. खरे सांगायचे तर मी हिरमुसले. इतरांचे विषय ऐकून वर्ग माना डोलावत होता. माझा विषय ऐकून एकाने शेजाऱ्याला विचारले की ह्या कोण. मलाही ठाऊक नव्हते. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेले नाही. थोर माणसे मला शाळेच्या पुस्तकात जेवढी भेटली तेवढीच माझ्या ओळखीची.

ग्रंथपालांनी फळ्या धुंडाळून दोन पुस्तके काढून दिली. त्यांतले एक ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांचे, कोसबाडच्या टेकडीवरून हे. स्पर्धेत मला बक्षीस मिळाले नाही. भाषणात मध्येच एक सन विसरले आणि त्या सनामागोमाग पुढचे सगळेच विसरले. पुस्तके मात्र मी परत केली नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत गावी नेली, दोनदा वाचली आणि मुकाट्याने दंड भरला. त्याचे कारण माझा धाकटा भाऊ. म्हणून आधी त्याच्याविषयी थोडे सांगते, मग ताराबाईंकडे वळते. ताराबाईंची याला हरकत नसती असे वाटते. कुठल्याही घरात गेल्या तर त्यांनी आधी लहान मूलच पाहिले असते.

आमचे गाव आरमोरीच्या बाजूला. दोन एकर धानाची बांधी, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता, एवढ्यावर संसार. भाऊ माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. घरात त्याला आम्ही बाबू म्हणतो. दोन वर्षांचा होईपर्यंत त्याच्यात काही वेगळे वाटले नाही. मग हाक मारली तर तो वळून बघेना. काही हवे असले की बोट दाखवायचे सोडून मायचा हात धरून तिथवर न्यायचा आणि तो हातच वस्तूवर ठेवायचा, जणू हात वेगळा आणि माय वेगळी. मोहाच्या बिया अंगणात एका ओळीत मांडायचा. कुणाच्या पायाने एक जरी हलली तरी तासभर रडायचा. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्री नाटक होते. त्याचा भोंगा सुरू झाला की कानांवर हात दाबून तो धानाच्या कोठीमागे जाऊन बसायचा. गावात कुणी म्हणे देवाचा कोप, कुणी म्हणे मायने ग्रहण पाळले नाही. ती ऐकून घ्यायची आणि काही बोलायची नाही.

तिसऱ्या वर्षी त्याला अंगणवाडीत घातले. दहा-बारा दिवसांनी मायला सांगण्यात आले की हा एका जागी बसत नाही, बाकीची मुले घाबरतात, जरा मोठा झाला की आणा, तोवर आहार घरी न्या. मला राग आला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. पण एका बाईकडे तीसेक मुले, वजनाची नोंद, आहाराची नोंद, शिवाय मोबाईलवर भरायची माहिती, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे.

साडेचार वर्षांचा झाला तेव्हा त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेले. मी सोबत होते, कारण कागद वाचणारी घरात मीच. डॉक्टरांनी स्वमग्नता हा शब्द सांगितला आणि मी तो वहीत लिहून घेतला. मग एका मॅडमनी बाबूसमोर एक लाकडी फळी ठेवली. तिच्यात वर्तुळ, चौकोन, चांदणी असे दहा निरनिराळे खाचे होते आणि त्यांत बसणारे दहा ठोकळे बाजूला रचलेले. बाबूने मॅडमकडे पाहिले नाही, मायकडे पाहिले नाही. ठोकळे मात्र एकामागून एक बरोबर जागी बसवले. चांदणी बसताना त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला, तो आमच्या घरात आनंदाचा समजला जातो. ती फळी कुठून आली हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. ते मला ताराबाईंचा शोध घेताना कळले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे. त्या काळी बहुतेक घरांत मुलीला शिकवणे म्हणजे धाडस होते, केळकरांच्या घरात ती रीत होती. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आमच्या गावात पदवी मिळवलेल्या मुली अजून हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात, म्हणून मला त्या सनाचे फार अप्रूप वाटते.

पुढच्याच वर्षी कृष्णाजी विनायक मोडक यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ते अमरावतीला वकिली करीत. म्हणजे काही वर्षे ताराबाई आमच्या विदर्भाच्या सूनबाई होत्या! पण तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी, प्रभा. त्या काळात नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई म्हणजे काय, हे समजायला इतिहासाचे पुस्तक लागत नाही, आजही आमच्या गल्लीत डोकावले तरी पुरे. ताराबाई मुंबईला जाऊन गप्प बसल्या नाहीत. राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. पगार चांगला, हुद्दा मोठा. एवढ्यावर एखादी सुखाने निवृत्त झाली असती.

तिथून जवळच भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. तेही मूळचे वकील. आपल्या मुलाला कसे शिकवावे या विचारात असताना मॉंटेसरीचे विचार त्यांच्या हाती पडले आणि त्यांची वकिली सुटली. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. मोठ्या मिशा ठेवून लहान पोरांत रमणाऱ्या या माणसाला गुजरातेत मिशीवाली आई म्हणत. १९२३ मध्ये ताराबाई प्राचार्यपद सोडून त्यांच्याकडे गेल्या. शिक्षिकांना शिकवणारी बाई अडीच-तीन वर्षांच्या मुलांसमोर जमिनीवर बसायला गेली. नातेवाइकांनी काय म्हटले असेल याची मी कल्पना करते. पाच वर्षांखालच्या मुलांना सांभाळण्यासाठी पदवी कशाला, हा प्रश्न तर अजून गेलेला नाही. मी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पुढे करीन म्हटले तेव्हा माझ्या काकांनीही तोच विचारला.

बालमंदिरात काय चाले हे समजून घेतल्याशिवाय ताराबाईंचे मोठेपण कळत नाही. त्या वेळच्या शाळेत छडी होती, घोकंपट्टी होती, हाताची घडी तोंडावर बोट होते. बालमंदिरात मुलाला मार नाही, धाक नाही, बक्षिसाची लालूचही नाही. फळीवर साहित्य मांडलेले. मुलाने हवे ते घ्यावे, हवा तितका वेळ करावे, पुन्हा जागेवर ठेवावे. शिक्षकाने आधी पाहावे आणि मगच हात लावावा. या साहित्यात दट्ट्यांची पेटी प्रसिद्ध आहे. लाकडाच्या एका लांब ठोकळ्यात जाडी-उंचीने चढत्या क्रमाच्या खाचा आणि प्रत्येक खाचेत बसणारा एकच दट्ट्या. दट्ट्या चुकीच्या जागी गेला तर शेवटी एक उरतो, बसत नाही. मुलाला चूक आहे असे कुणी सांगावे लागत नाही, लाकूडच सांगते.

ही कल्पना मारिया मॉंटेसरीची. पण तिचीही पहिली नव्हे, आणि हेच वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. मॉंटेसरी इटलीतली डॉक्टर, जन्म १८७०. १९०० च्या सुमारास ती रोममध्ये ज्या मुलांना वाढवत होती ती साधी मुले नव्हती. ज्यांना शाळांनी नाकारले, वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, अशी ती मतिमंद म्हटली जाणारी मुले होती. त्यांच्यासाठी साहित्य शोधताना तिने दोन फ्रेंच डॉक्टरांचे काम अभ्यासले. त्यांतला इतार हा १८०० साली फ्रान्सच्या जंगलाजवळ सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या न बोलणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षे शिकवत राहिला. तो मुलगा स्वमग्न असावा असे मत पुढे काही अभ्यासकांनी मांडले, काहींनी ते खोडले. इतारचा शिष्य सेगँ. आकारांच्या खाचांची फळी ही सेगँची. दवाखान्यात मॅडमनी बाबूपुढे ठेवली ती फळी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते!

मॉंटेसरीला दिसले की नाकारलेली मुले या साहित्याने शिकतात, तर मग साधी मुले किती शिकतील. १९०७ मध्ये तिने रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले आणि तिथून तिचे नाव जगभर झाले. तीच वाट भावनगरला आली, ताराबाईंच्या हाती पडली आणि पुढे अंगणवाडीपर्यंत पोचली. म्हणजे जे साहित्य बाबूसारख्या मुलांसाठी म्हणून जन्मले ते सगळ्या जगाच्या मुलांपर्यंत गेले, आणि आमच्या गावात त्याच्याच दारातून बाबूला परत पाठवले गेले. मी हे मायला सांगितले तेव्हा ती धान पाखडत होती. तिचा हात थांबला नाही, पण सूप जरा जोरात आपटले.

असो. भावनगरला ताराबाईंनी नुसते शिकवले नाही. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्याच्या कामात त्या होत्या. शिक्षणपत्रिकेतून त्या आईबापांसाठी लिहीत: मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, त्याला बागुलबुवाची भीती का घालू नये. मराठीत बालशिक्षणाची भाषाच त्या काळात तयार व्हायची होती आणि तिचा मोठा वाटा त्यांनी उचलला. लोककथा, गाणी, नाट्यछटा हेही गोळा केले आणि लिहिले. १९३६ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू केले. मध्यमवर्गीय घरांतली मुले आली, शिक्षिका तयार होऊ लागल्या, नाव झाले. १९३९ मध्ये गिजुभाई वारले. त्याच वर्षी खुद्द मॉंटेसरी मद्रासला आली आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिली.

दादरची ही वर्षे मी लवकर आटोपते, कारण माझ्या दृष्टीने ताराबाईंचे खरे आयुष्य त्रेपन्नाव्या वर्षी सुरू होते. मॉंटेसरीचे लाकडी साहित्य महाग. ते घेणाऱ्या शाळा शहरातल्या, फी देणाऱ्या. गांधीजी १९३१ मध्ये लंडनला मॉंटेसरीला भेटले तेव्हाच त्यांनी हे शिक्षण हिंदुस्थानातल्या गरीब मुलांपर्यंत पोचावे अशी इच्छा बोलून दाखवली होती. ताराबाईंना ते टोचत होते. १९४५ च्या डिसेंबरात त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्राकाठच्या गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले होते आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या होत्या; शिकून शिक्षिका झालेल्या, त्या वेळी पस्तीस वर्षांच्या. एक नवऱ्यापासून वेगळी झालेली आणि एक बालविधवा. गावाने या दोघींना आपली मुले द्यायची होती!

बोर्डी-डहाणूचा तो भाग म्हणजे वारली आदिवासींचा. त्याच वर्षी तिथे गोदावरी परुळेकरांनी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना उभे केले होते, यावरून तिथल्या माणसांची स्थिती कळावी. ताराबाईंनी बालवाडी उघडली. गावातली मुले आली, पाड्यावरची आली नाहीत. कशी येणार? आई पहाटे मजुरीला, मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे, भाऊ गुरांमागे. मुले येत नाहीत, आईबापांना महत्त्व कळत नाही, असा अहवाल लिहून मोकळे होणे सोपे होते. तसे अहवाल आमच्या जिल्ह्यातही पुष्कळ लिहिले गेले असतील. ताराबाईंनी उलट केले. शाळा पिशवीत भरली आणि पाड्यावर नेली. झाडाखाली किंवा एखाद्याच्या अंगणात ती उघडायची. आधी मुलांना आंघोळ, नखे काढणे, डोळे पुसणे, केस विंचरणे; मग गाणे, गोष्ट, मग खेळ. कडेवरच्या भावंडासह बहीण आली तरी चालेल. बालवाडी अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर सरकारी पाटीवर असलेला हा शब्द तिथून आला असे मानतात.

साहित्याचा प्रश्नही तिथेच सुटला. लाकडी पेट्या कोण देणार? समुद्राकाठी शंख-शिंपले होते, रानात बिया, पाने, फुले, काड्या, खडे. लहान-मोठे, गुळगुळीत-खरखरीत, जड-हलके हे सगळे त्यांत आहेच. रंग ओळखायला पाने आणि फुले, मोजायला बिया, आकारांसाठी मातीची खेळणी. मॉंटेसरीच्या कट्टर अनुयायांना हे कितपत रुचले असेल याची मला शंका आहे, कारण त्या मंडळींत साहित्याचे माप जराही बदललेले चालत नसे. पण मूल काय पाहते, काय चाचपते, त्यातून त्याच्या डोक्यात काय जुळते, हे ताराबाईंनी धरून ठेवले आणि लाकडाचा आग्रह सोडला.

भाषेचाही अडसर होता. मुलांची बोली वेगळी, बाईंची पुस्तकी मराठी वेगळी. ह्याबद्दल मी थोडे अधिकाराने बोलू शकते. आमची झाडीबोली. तिच्यात ण नाही, आम्ही पाणी पीत नाही, पानी पितो. शाळेत पहिल्या वर्षी मी पानी म्हटले की वर्ग हसे, म्हणून दुसऱ्या वर्षी मी तहान लागली तरी मागतच नसे. पलीकडे धानोरा-एटापल्लीकडच्या गोंड-माडिया मुलांचे तर शाळेत अर्धे वर्ष नुसते ऐकण्यात जाते. तेव्हा मुलाच्या बोलीतून सुरुवात करणे, त्याच्या अंगणातल्या वस्तूंना त्याच्याच नावाने हाक मारणे, हा काही लाडाचा भाग नव्हे. विचार ज्या शब्दांत होतो तेच तोडले तर पुढे काय शिकणार?

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. कोसबाड डहाणू तालुक्यात, २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणून विकासवाडी उभी राहिली, म्हणजे तान्ह्याला घेऊन येणाऱ्या बहिणीलाही पाटी मिळाली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली: गुरे चरत आहेत, राखोळ्या शिकत आहेत. हे वाचून माझे बाबा हसले. ते चौथीत गुरांमागेच शाळेतून सुटले. तशी शाळा असती तर आपण निदान सातवी झालो असतो, असा हिशेब त्यांनी मांडला. मग थोडा वेळ त्यांनी काही बोलणे केले नाही.

मानसन्मानांचे फार लिहीत नाही. १९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. ३१ ऑगस्ट ही मॉंटेसरीची जन्मतारीख, हा योगायोगच. त्यांच्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी देशाची झाली. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये स्वतःच्या अखेरीपर्यंत सांभाळले.

सरकारी अंगणवाडी आल्याने काय मिळाले आणि काय हरवले, यावर आमच्या प्राध्यापकांशी माझा वाद झाला. त्यांचे म्हणणे असे की लाखो मुलांना लस, वजन, खाऊ मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. ते बरोबरच आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात त्या खाऊचे मोल काय, हे मला कुणी सांगायला नको. माझे म्हणणे इतकेच की खिचडी अंगणवाडीत आली आणि पिशवी कुठेतरी वाटेत राहिली. मूल येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचे, ही ताराबाईंची मूळ गोष्ट. ती राहिली असती तर बाबूला मोठा झाल्यावर आणा म्हणून सांगितले गेले नसते. कारण मोठे होण्याआधीची वर्षेच तर महत्त्वाची. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदूची जुळणी सर्वांत वेगाने होते, आणि स्वमग्न मुलाच्या बाबतीत जितके लवकर सुरू करावे तितके त्याचे बोलणे, खेळणे, दुसऱ्याकडे पाहणे यांना बळ मिळण्याचा संभव जास्त.

ताराबाईंना स्वमग्नता हा शब्द ठाऊक होता की काय, हे शोधण्याचा प्रयत्न मी केला नाही. लिओ कॅनर या डॉक्टरने अशा अकरा मुलांविषयी १९४३ साली अमेरिकेत लिहिले; म्हणजे बोर्डीच्या दोनच वर्षे आधी. त्यानंतर बराच काळ तिकडे असे मानत की आई थंड स्वभावाची, माया न करणारी असली की मूल असे होते. १९६० च्या दशकापर्यंत मोठमोठे तज्ज्ञ हेच लिहीत होते. पुढे ते पूर्ण खोटे ठरले. हा मेंदूच्या घडणीतला जन्मजात फरक आहे. आमच्या गावातली ग्रहणाची गोष्ट आणि त्या विद्वानांची गोष्ट यांत मला तरी फरक दिसत नाही. दोन्हीकडे दोष मायचाच!

तेव्हा ताराबाईंच्या कामात बाबूवर औषध शोधू नये हे मला समजते. आणि त्याला बरे करायचे आहे असेही आता आम्ही म्हणत नाही. तो तसाच आहे, त्याला जगात वावरता यायला हवे. पण दिवाळीच्या सुट्टीत मी अनुताईंचे पुस्तक मायला वाचून दाखवत होते, तेव्हा शंख-शिंपल्यांच्या ठिकाणी ती उठली आणि मोहाच्या बियांचे टोपले अंगणात आणून ओतले. बाबू येऊन ओळ मांडू लागला. आजवर आम्ही ती ओळ मोडून त्याला दुसरे काही करायला लावत होतो. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून माझी वेगळी ओळ मांडली, न बोलता. असे रोज केले. नवव्या की दहाव्या दिवशी त्याच्या बिया संपल्या तेव्हा त्याने माझ्या ओळीतली एक उचलली. म्हणजे माझी ओळ त्याला दिसत होती! मग मी बिया मुठीत धरू लागले आणि त्याने मुठीवरून नजर वर नेली की मूठ उघडू लागले. आधी त्याला फार वेळ लागे.

पुढे कळले की याच तऱ्हेचे काम शास्त्रोक्त पद्धतीनेही झालेले आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ स्वमग्न मुलांच्या आईवडिलांसोबत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे मोठे डॉक्टर घरी गेले नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते गेले आणि मुलाच्या खेळात त्याच्या कलाने कसे शिरावे हे आईवडिलांना दाखवत राहिले. आईवडिलांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलेही आपणहून संवाद सुरू करू लागली. पिशवी घेऊन अंगणात जाणे म्हणजे आणखी काय?

दट्ट्यांची पेटी बाबांनी केली. पुस्तकातले चित्र त्यांनी दोनदा निरखले, मग बांबूच्या दहा निरनिराळ्या जाडीच्या कांड्या कापल्या, घासल्या आणि सागाच्या जुन्या फळीत गिरमिटाने दहा भोके पाडली. भोके मोठी करायला विळ्याचे टोक आणि चार संध्याकाळी लागल्या. बाबू ती पेटी दिवसातून कितीदा करतो याला मोजदाद नाही. मधली कांडी मी लपवली की आता तो रडत नाही. माझ्यापुढे हात पसरतो. जानेवारीत त्याने हात पसरून दे म्हटले. आमच्या घरात ते ऐकायला त्या वेळी माय नव्हती, ती रोजगार हमीच्या कामावर होती. रात्री तिला सांगितले तर तिने मला पुन्हा सांगायला लावले, आणि मग शेजारच्या काकूंना बोलावून तिसऱ्यांदा.

आता तो सहा वर्षांचा आहे. २०१६ च्या कायद्यात स्वमग्नता ही अपंगत्वाच्या २१ प्रकारांत धरलेली आहे आणि प्रमाणपत्र असलेल्या अशा मुलाला अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्याचे प्रमाणपत्र निघाले. जूनमध्ये पहिलीत नाव घालायचे म्हणून मी अर्ज लिहून दिला, खाली बाबांची सही आहे. रोज एक तास, मायला शेजारी बसवून, असे सध्या ठरले आहे. पुढचे जूनमध्ये कळेल.

मार्चमध्ये गावी गेले तेव्हा पेटी घरात नव्हती. बाबू कोठीमागे जाऊन जाऊन शोधत होता. अंगणवाडीच्या बाई दोन दिवसांसाठी म्हणून घेऊन गेल्या होत्या आणि आठवडा झाला होता. त्यांच्याकडे तिघे-चौघे पोरे तिच्यावर भांडत होती म्हणे. बाबा तिरमिरीत म्हणाले की आणायला जातो. गेले, आणि पेटी न आणता सागाची आणखी एक फळी घेऊन आले. नव्या पेटीतले तिसरे भोक जरा लहान पडले आहे. कांडी त्यात अडकते, आणि अडकली की बाबू ती ओढून काढून बाबांच्या हातात नेऊन देतो. बाबा घासतात. तो पुन्हा बसवून बघतो.